व्यास रिकामा

पहिल्या तासाला फणसेबाई टेबलावर एक किटली ठेवायच्या.
ॲल्युमिनियमची, काळ्या बेकेलाइटच्या मुठीची. मुठीला तडा.
ओळख नाही, हजेरी नाही.
"धरा," म्हणायच्या.
आम्ही एकेक जण धरायचो.
कुणी म्हणे तोल छान आहे, कुणी म्हणे धार बारीक पडेल.
कोरड्या किटलीचं कौतुक वीस मिनिटं चालायचं.
मग त्या सांगायच्या, "ही माझी.
एकाहत्तर साली बाजारात गेली. अकरा हजार खपल्या.
फतेपुऱ्यात एकीचा हात भाजला हिच्यामुळे.
जशोदाबेन. उजवा हात.
आता परत धरा."

परत धरताना वर्गात कुणी बोलायचं नाही.

*

वडील प्रतापनगरच्या कारखान्यात नमुनेकार.
छोट्या गाडीचे भाग आधी त्यांच्या हातून सागवानात घडत,
नंतर लोखंडात.
रंध्याखालच्या कुरळ्या ढलप्या मी वेणीत माळायचे,
असं बाई सांगायच्या, आणि लगेच,
"खोटं. कानात घालायचे. वेणी नव्हतीच."

दांडिया बाजारातल्या घरी स्थळं यायची.
मुलगी काय करते?
नळ काढते.
नळ?
आणि स्टोव्हच्या किल्ल्या. डब्यांची झाकणं. शाळेचे बाक.
मंडळी चहा संपवून उठायची.
कुणी कप कसा धरला, कुणाची करंगळी कुठे होती,
तेवढंच बाईंच्या लक्षात राहायचं.

*

कंपनीनं पत्र दिलं : वापरणाऱ्याची चूक.
बाई तीन रविवार जशोदाबेनच्या ओट्यावर बसल्या.
पहिल्या रविवारी कुणी पाणीही विचारलं नाही.
दुसऱ्या रविवारी जशोदाबेननं डाव्या हातानं चहा गाळला,
बशीत अर्धा, ओट्यावर अर्धा.
तिसऱ्या रविवारी बाईंनी पिशवीतून दोरा काढला
आणि गल्लीतल्या त्रेचाळीस बायकांच्या मुठी मोजल्या :
काम करताना, ओल्या हाताच्या, पदरात धरलेल्या, कडेवर मूल असताना.
प्रत्येक मुठीला एक गाठ.

"मी माझाच हात मोजला होता," त्या म्हणायच्या,
"तोही ड्रॉइंग बोर्डावर टेकलेला.
निवांत हात खोटं बोलतो."

दुसरी किटली निघाली नाही. साचा महाग पडत होता.
बाईंनी नोकरी सोडली, आणि शिकवायला लागल्या.
इतकंच. यात कुठे टाळ्या नाहीत.

*

आम्हाला फुटपट्टी दिवाळीनंतर मिळायची.
तोवर लारीवर उभं राहा, पंक्चरवाल्याकडे बसा,
रमणभाई पंचालांच्या लेथशी झाडू मारा.
माझा पहिला नमुना रमणभाईंनी उलटापालटा केला,
"बेन, आ नहीं चाले."
बाईंनी मला विचारलं, "का नाही, ते विचारलंस?"
मी विचारलं नव्हतं. मला राग आला होता.
त्या रागाचे पाच गुण कापले,
तसं प्रगतिपुस्तकात लिहून.

आता मकरपुऱ्यात माझा स्वतःचा शेड आहे.
पंपाचं हॅन्डल बनवतो, चांगलं खपतं.
किती हात मोजलेस, असं बाईंनी एकदा फोनवर विचारलं.
मी रेंज नाही म्हणालो.

*

मागच्या पौषात त्या मोठ्या दवाखान्यात होत्या.
औषधाच्या बाटलीचं बूच, दाबून फिरवायचं.
त्यांच्या बोटांना दाबता यायचं किंवा फिरवता.
मी हात पुढे केला. त्यांनी बाटली दिली नाही.
"कागद दे."

एक्सरेच्या पाकिटाच्या पाठीवर त्यांनी बूच काढलं.
रेघ थरथरत होती पण छेद बरोबर होता.
उंची लिहिली. कड किती जाड, खाचा किती, लिहिलं.
व्यासाचे दोन बाण काढले समोरासमोर,
आणि मधे काहीच नाही.

"बाई, व्यास?"

"वॉर्डात सतरा खाटा आहेत," म्हणाल्या. "दोरा आहे का?"

नव्हता. सिस्टरनं बँडेजमधला ओढून दिला.
एक नंबरच्या खाटेपासून सुरुवात केली.
चार नंबरचे आजोबा हसले, गुदगुल्या होतात म्हणून.
सहा नंबरची पोर दोनदा मोज म्हणाली.
आठ गाठी झाल्या.

नऊ नंबरला पोचलो
तेव्हा बाईंचा हात निवांत होता.