सोमवार, उद्यमनगर बंद

सोमवारी भट्ट्या थंड.
गल्लीत लेथचा आवाज नाही, चहावाला सुट्टीवर.
शटर अर्धं वर करून आम्ही दोघं आत.
रंधा मारायच्या बाकावर लॅपटॉप,
किल्ल्यांच्या फटीत सागवानी भुसा.
कस्तुरी फुंकर मारते, म्हणते,
"पप्पा, आज चार डेमो हाईत. मी बघतो, तुम्ही नुसतं ऐका."

आठवीच्या दिवाळीनंतर ती शाळेत गेली नाही.
विचारणाऱ्यांना आम्ही तीन कारणं सांगतो.
चौथं तिचं तिच्याकडं आहे,
मी मागितलेलं नाही.

दीड वर्ष घरीच.
सुनंदा दवाखान्यातली ड्यूटी संपवून विज्ञान घ्यायची,
मी भूमिती:
केंद्रबिंदू म्हणजे पंच मारतो ती जागा,
त्रिज्या म्हणजे कंपासचं उघडलेलं तोंड.
आता ओपन बोर्डाची दहावी, पाच विषय,
आणि आमच्या दोघांची विहीर तळाला लागलेली.

पहिल्या डेमोतले सर टाय घालून.
"टॉपर" हा शब्द अकरा वेळा.
कस्तुरीनं प्लायवूडच्या फळीवर पेन्सिलीनं रेघा मारून मोजला.

दुसरं ॲप.
बरोबर उत्तराला नाणी पडतात,
चुकलं की गाढव रडतं.
गाढव बघायला तिनं तीन उत्तरं मुद्दाम चुकवली
आणि चौथं खरंच चुकलं.

मधेच फोन.
"सर, आज भरलंत तर चाळीस टक्के ऑफ, फक्त सत्तावन्न हजार."
सत्तावन्न हजार म्हणजे पंपाच्या बॉडीचे चार पॅटर्न,
कोअर बॉक्ससकट.
"बघूया की," म्हणालो.
आमच्याकडं याचा अर्थ काय होतो
ते त्या पोराला कळलं नसावं.

तिसऱ्या बाई मराठीच्या, आवाज गोड.
"मी वाचतो मॅडम," कस्तुरी म्हणाली.
"वाचते. मुलगी आहेस ना तू?"
बाकीच्या चौकोनांतली पोरं हसली.
माझी आई येतो-जातो म्हणतच जगली,
सुनंदाही तसंच बोलते,
अख्ख्या पेठेतल्या बायका बोलतात
आणि कुणाचं काही अडलेलं नाही.
पण मी नुसतं ऐकायचं ठरलेलं.
कस्तुरी काही बोलली नाही.
फक्त स्वतःचा चौकोन काळा केला.
शाळेतही तिनं असाच कधीतरी
केला असेल का?
रंधा हातात घेतला, उगाच, खाली ठेवला.

चौथीला उशीर झाला. नेट गेलं, आलं.
एक बाई, मागं कुकरची शिट्टी,
"थांबा हं, गॅस बंद करून येते."
मग बर्फ का तरंगतो ते सांगायला लागल्या.
कस्तुरीनं विचारलं,
"पाणी थंड झालं की फुगतं, मग बीड का आटतं?"
बाई गप्प.
"बिडाचं मला माहीत नाही गं. किती आटतं? तुला कसं माहीत?"

पोरगी उठली ती थेट खिळ्याजवळ,
आमची पट्टी काढून कॅमेऱ्यासमोर धरली.
"हा फूट खोटा हाय मॅडम. शंभराला एक जास्त.
ओतल्यावर धातू आटतो,
म्हणून पप्पा आधीच मोठं मापतात.
मी पण मापतो."
बाईंनी वही ओढली. लिहून घेतलं.
कुणी काही दुरुस्त केलं नाही.
अर्ध्या तासाचा डेमो सव्वा तास चालला.

या बाई फक्त गणित आणि विज्ञान घेतात.
तेही पहाटे साडेसहाला,
ज्या वेळेला कस्तुरीला कुणी हलवू शकत नाही.
मराठीचं काय, चित्रकलेचं काय,
पाचवा विषय कुठला,
अजून काहीच ठरलेलं नाही.
फी विचारायची तर राहूनच गेली.

दुपारी ती फळीवर वेळापत्रक आखत होती,
टॉपरच्या अकरा रेघांच्या शेजारी,
माझ्या खोट्या पट्टीनं,
त्यामुळं प्रत्येक रकाना जरासा मोठा.
ती फळी बुधवारच्या कामाला धरलेली होती.
असू दे. दुसरी आणतो.