घरचं माणूस

क्वी न्योनच्या सरकारी इस्पितळात
रात्री दोन वाजता
नर्सनं पोटावर दोन बोटं टेकवून विचारलं, "डाउ?"
मला ऐकू आलं, डावी?
म्हटलं, नाही हो, उजवी.
ती पुन्हा, "डाउ?"
मी पुन्हा, उजवी, उजवीकडे.
मग तिनं बोटं खोल दाबली, झटकन उचलली,
आणि मी जे ओरडले
त्याला भाषांतर लागलं नाही.

डाउ म्हणजे दुखणं,
हे दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर
आंत्रपुच्छ नावाचं माझं शेपूट
स्टीलच्या बशीत जाऊन पडलं होतं.
बावन्न वर्षं सांभाळलं.
जाताना कुणी दाखवलंसुद्धा नाही.

मनगटावर प्लास्टिकची पट्टी.
नाव लांबलचक, म्हणून छापलं 'नीलाम',
पुढचं 'बरी' मावलं नाही.
नीलाम, खाट एकवीस.
बघू, म्हटलं, कोण बोली लावतंय.

फॉर्मवर एक रकाना रिकामा होता.
फोनमधल्या यंत्रानं तो शब्दाला शब्द लावून वाचला:
घरचं माणूस?
इतकं आपलं विचारणं
की वाटलं, खिडकीमागे आमची आत्याच बसलीय.
घरचं माणूस लागतंच तिथे.
गरम पाणी कोण आणणार,
सलाइन संपलं म्हणून कोण धावणार,
खाटा चाळीस, नर्स तीन.
मी लिहिलं: विमा कंपनी.
विमा कंपनी फोनवर सतार ऐकवत होती,
चौदा मिनिटं, मग पुन्हा पहिल्यापासून.

भावाला कळवलं:
इथलं वायफाय अगदी वाईट.
विटांचे मनोरे फार सुंदर.

खाटांखाली एक वेगळंच गाव वसलेलं.
चटया, थर्मास, बादल्या,
बनियनवर झोपलेले जावई.
बाविसाव्या खाटेवर थोआबाई, खुबा मोडलेला,
आणि खाली त्यांची सून, ल्येउ,
जी दर दोन तासांनी उठून
सासूला कुशीवर वळवायची,
आणि वळवता वळवता दोघी भांडायच्या.
भाषेचा एक शब्द येत नव्हता मला,
भांडण मात्र समजलं.
मिठावरून होतं.

नर्स आली, डॉक्टर आले,
मागून सहा शिकाऊ पोरं.
सगळ्यांचा प्रश्न एकच,
आणि माझ्या फोननं तो भर वॉर्डात
बातम्या सांगणारीच्या आवाजात वाचला:
आपण वायू सोडला आहे काय?
पोरांना मराठी येत नव्हतं, तरी ती हसली.
मी भिंतीकडे तोंड केलं
आणि मग रडलेच थोडं, टाके सांभाळत,
कारण जोरात रडायलाही पोट लागतं.

संध्याकाळी सुटला.
थोआबाईंनी पडल्या पडल्या टाळी वाजवली.
ल्येउनं डबा उघडला: पेज.
पेजच. पातळ, पांढरी, वर मिरपूड,
आणि तळाशी काहीतरी मासळीचं.
मी मासे खात नाही हे सांगायला
उशीखाली फोन चाचपला,
मग राहू दिला.
ती चमच्यावर फुंकर घालत होती.

फॉर्म तिनंच उचलला.
विमा कंपनीवर एक आडवी रेघ,
वर स्वतःचं नाव, फोन नंबर,
आणि नातं या शब्दापुढे पेन थांबलं.
तिनं सासूला विचारलं.
सासूनं काय सांगितलं कोण जाणे,
दोन शब्द होते.
मी त्याचा फोटो काढून ठेवलाय
आणि यंत्राला अजून दाखवलेला नाही.

निघताना पैसे दिले.
तिनं तांदळाचे मोजून घेतले,
उरलेली नोट परत माझ्या खिशात कोंबली,
जरा रागानंच.

भावाला अजूनही वाटतं वायफाय वाईट होतं.

परवा ल्येउचा निरोप आला:
आई काठी घेऊन चालते. मीठ बंद, रोज भांडण.
आणि खाली एकच शब्द. डाउ?

नाही, असं लिहिलं.
खोडलं.
लिहिलं, थंडीत जरा ओढतं.