चौथी बाजू

एकतीस वर्षं मी पाचवीच्या वर्गाला सांगत आले:
चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेला भूभाग म्हणजे बेट.
दोन गुण. आकृती काढल्यास तीन.

सिरपूर तलावातलं हे बेट
आमच्या मुराई मोहल्ल्यातल्या गच्चीएवढं.
खडे, शिंपल्यांचा चुरा, बाभळीचं एक वाळकं खोड
आणि नदी सुरयांची नऊ घरटी.
घरटी कसली, नुसते खळगे;
अंडं असेल तर घरटं, नसेल तर जमीन.

एप्रिलपर्यंत भोवती तीन हात पाणी असतं.
मग ते रोज चार बोटं मागं सरतं,
लग्नघरातून न सांगता निघणाऱ्या पाहुण्यासारखं,
आणि एका सकाळी चौथी बाजू उघडी पडते:
भेगाळल्या चिखलाची वाट,
तिच्यावर कुत्र्याची पावलं.
जातानाची. येतानाची.

त्या दिवशी नवांची सहा झाली.

अर्ज घेऊन गेले. साहेबांनी आस्थेनं विचारलं,
"सायबेरियातून येतात ते पक्षी का, बाई?"
म्हटलं, नाही, इथलेच. इथेच जन्मतात.
त्यांचा चेहरा उतरला.
इथल्यांचं उद्घाटन कोण करतं?

मग मी आणि गुलाब केवट.
कुदळ त्याची, घमेलं माझं.
गुडघ्यांमुळे मोजायचं काम मी घेतलं:
रुंदी सहा हात, खोली कमरेइतकी,
(कुणाच्या कमरेइतकी, यावर थोडा वाद).
चरात पाणी पाझरून यायला तीन रात्री लागल्या.

तिसऱ्या रात्री टॉर्च घेऊन काठावर बसले होते.
ती आली. एका डोळ्याची, भुरी,
आचळं लोंबणारी.
तीही बाळंतीणच, हे मला पावलांवरून कळलं नव्हतं.
पाण्याशी थांबली. वास घेतला.
मग माझ्याकडे पाहत राहिली, वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखी.
मी डब्यातली पोळी टाकली.
गुलाब म्हणाला, "ऐसे तो रोज आएगी, बाईजी."

रोज येते.
चर रोज एका अंगानं ढासळतो, आम्ही रोज उपसतो.
पलीकडे चार पिल्लं आहेत,
खड्यांच्याच रंगाची; एखादा खडा पळाला
की मोजायची.
आज तीनच पळाले.
चौथा खडा आहे की काय आहे,
ते उजाडल्यावर बघू.