भिंतीतला वैद्य

रात्री पावणेदोनला सावद्यात,
केळी पिकवायच्या चेंबरबाहेर,
क्रेट मोजून झाले की मी फोन उघडतो.
रेंज दोन काड्या.
तिसरी हवी तर वजनकाट्यावर चढून उभं राहायचं.

तीन महिने घासलं आम्ही सर्पराणीसाठी.
मी ढालवाला, साक्रीचा भटू भामरे वैद्य.
एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.
शेवटचा घाव उरला होता
आणि सगळं थिजलं.
राणीचा जबडा उघडा, माझी तलवार हवेत,
भटूचा आवाज तुकड्यातुकड्यांत :
“भो... कोठे... शे... तू...”
“आठेच शे!” त्याच्याच बोलीत ओरडलो मी.
वॉचमन जागा झाला.

परत आत गेलो तर राणी नाही, खजिना नाही.
कंपनीने माफी म्हणून पन्नास नाणी पाठवली.
पन्नास नाण्यांत एक टोपी येते.
भटूने गेम काढून टाकला.
म्हणाला, फोनमधली जागा संपली रे.
खोटं बोलत होता.

त्याचा वैद्य मात्र बाहेर पडलाच नाही.
किल्ल्याच्या भिंतीत अर्धा रुतून
चालतोय, जागच्या जागी,
डोक्यावर हिरव्या अक्षरांत नाव.
तीन अपडेट येऊन गेले,
कुणी काढलं नाही त्याला.

मी रोज आधी तिथेच जातो.
जखमी असलो तर मुद्दाम खेटून उभा राहतो.
कधीतरी, काय बिघडतं कोण जाणे,
भिंतीतून त्याचा हात वर होतो
आणि माझं रक्त दोन टक्के भरतं.

भटूला हे अजून सांगितलेलं नाही.