पत्र्याचे नंबर

मी शिंप्याचा. बापाच्या कात्रीनं
औषधाच्या बाटलीवरच्या कागदी पट्ट्या कातरून द्यायचो,
दर डोसाला एक खाच.
डॉक्टर मुळ्ये म्हणाले, सोपान, खाचा सारख्या पडतात तुझ्या,
उद्यापासून दवाखान्यात ये.
तो उद्या एकतीस वर्षं चालला.

ते आले शेहेचाळीसच्या थंडीत,
गौतमपुरा रोडला उतरून बैलगाडीनं;
एक लोखंडी ट्रंक, एक स्पिरिटचा स्टोव्ह,
आणि कातडी अजून हळदुली,
ब्रह्मदेशाच्या वाटेवर हिवतापाच्या गोळ्या खाऊन खाऊन झालेली.
बायका म्हणाल्या, यालाच कावीळ, हा आपल्याला काय बरं करणार!
पहिल्या महिन्यात आली फक्त एक अडलेली म्हैस.
तिला त्यांनी मोकळी केली.
मग माणसं यायला लागली.

इतकी, की ओसरीवर रोज भांडणं:
"म्हारा छोरा ने पेलां देखो, डागदर साब!"
मी डालड्याचा डबा कापला,
खिळ्यानं ठोकून चाळीस नंबर पाडले,
कडा घासून घेतल्या, कुणाचं बोट कापू नये म्हणून.
साहेबांनी एक उचलला. उलटा केला. सुलटा केला.
"कुणी सांगितलं तुला?"
कुणी नाही, म्हटलं, मलाच सुचलं.
दुपारी गल्लीतली पोरं
माझे चाळीस नंबर फेकत लंगडी खेळत होती.
साहेबांनीच वाटले होते.
दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे युद्ध असतं.
युद्धच म्हणतात त्याला.
आमचे तुर्रा, रुणजीचे कलगी.
हिंगोटाच्या पोखरलेल्या फळात दारू ठासायची,
पेटवायचं, आणि समोरच्यावर सोडायचं.
हार नाही, जीत नाही, शेवटी गळाभेट.
सगळा गाव मैदानावर.
साहेब पायरीवर, मैदानाकडे पाठ करून,
सुया उकळत बसायचे,
आणि प्रत्येक सूंऽ नंतर ओठातल्या ओठात
काहीतरी मोजायचे, ते पडेपर्यंत.

एकोणसाठ साली एकदम बावीस जण आले.
कुणाचा गाल, कुणाचा डोळा, एकाचं तर धोतरच पेटलेलं.
साहेब दारात थांबले.
थांबलेले मी त्यांना तोवर पाहिले नव्हते.
"सोपान, तू सांग. आधी कोण?"
मी काय सांगणार. म्हटलं, जो हाताशी आहे तो.
"बरोबर," म्हणाले, "असंच करू,"
आणि हाताशी असलेल्याला आत ओढलं.

रात्री दोनला मी त्यांच्या हातावर पाणी घालत होतो.
"इंफाळकडे," म्हणाले,
"तंबूच्या तोंडाशी मी उभा असायचो. चिठ्ठ्या घेऊन.
आलेल्याच्या गळ्यात बांधायची.
लाल, म्हणजे लगेच आत. पांढरी, म्हणजे थांबू शकतो."
तिसरीचा रंग सांगितला नाही.
"ती बांधताना ते आभार मानायचे रे.
त्यांना वाटायचं, काहीतरी औषध मिळालं."
हात केव्हाच स्वच्छ झाले होते.
त्यांनी पुरे म्हटलं नाही, मी पाणी घालत राहिलो.
कळशी संपली.

सत्त्याहत्तरला डोळे गेले त्यांचे. निम्मे गेले.
इंदूरला एम. वाय.च्या खिडकीशी मी रांगेत उभा राहिलो,
पर्ची त्यांच्या हातात दिली.
"किती आहे?"
त्रेसष्ट, साहेब.
मागे मानपूरकडची एक भिलीण, कडेला तापलेलं पोर.
तिला त्यांनी त्रेसष्ट दिला, चौसष्ट घेतला.
मग एका म्हाताऱ्याला चौसष्ट.
मग पुढं मी बघणंच सोडून दिलं.
दीडला खिडकी बंद झाली, तेव्हा आमच्या हातात
एकशे सात होता.

मी चिडलो होतो. स्टँडवर पोहे खाल्ले, शेव जास्त घालून,
आणि गौतमपुऱ्याची बस धरली.
खिडकीची जागा मात्र त्यांनी
कुणाला म्हणजे कुणाला दिली नाही.