माया

शर्वाणी कोयंडे पिग्मी गोळा करते.
जामसंडे ते मिठबाव, मधली सगळी दुकानं,
भावाच्या जुन्या मोटारसायकलवर.
माझे रोजचे पन्नास.
त्या दिवशी पावती फाडून झाली तरी उठेना.
मग पिशवीतून काढली एक करडी विजार,
लांबून बघावी तर थंडीतली, आतली,
हातात घ्यावी तर जड.
गुडघ्यांवर खिसे, खिशांत वड्या,
हळू दाबल्या की बोट आत जातं,
ठोसा मारला की दगड.

"हेच्यार माझी पँट बसाक होयी.
आत काय आसा, ता कोणाक दिसाक नको."

कोणाला गं, विचारलं.
शाखेत हसतात, म्हणाली.
सासू म्हणते, लढाईक चललंस?
आणि गिऱ्हाईक म्हणतं,
एवढी भीती, तर बसतेस कशाला गाडीवर.

मी टेप काढला.
आधी नुसत्या गुडघ्याचं माप घेतलं,
मग भीती घातलेल्या गुडघ्याचं.
फरक पावणेदोन इंच.

ढोपर म्हणजे गुडघा की कोपर
यावर माझ्या सासर-माहेरात अजून एकमत नाही.
रस्त्याला दोन्ही चालतात.
सड्यावरून उतरताना दुसऱ्या वळणाला
मासळीचे टेम्पो पाणी सांडत जातात.
पाणी वाळतं, चरबी राहते,
तिच्यावर जांभ्याची बारीक खडी.
माझा नवरा तिथेच पडला होता, पहाटे, पावाच्या पाट्यांसकट.
नऊ वर्षं झाली,
एक खडा अजून आहे त्याच्या गुडघ्यात,
कातडीखाली निळा, तिळाएवढा.
पाव मात्र त्या दिवशीसुद्धा पोचवले त्याने,
वरचे झटकून.

शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात
त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात.
बाहेरून दिसत नाही.
रेडीमेडवाले चार दोरे सोडतात आणि मोकळे होतात.
शर्वाणीच्या पँटीला मी बोटभर सोडली, दोन्ही अंगांना,
गुडघ्याला आतून उरेब तुकडा लावला.
त्याचे पैसे घेतले नाहीत. सांगितलंही नाही.

चैत्रात तिच्या पाठीवर मिठाच्या रेघा.
घामोळं उठतं, म्हणायची,
उठू दे, घामोळं जातं.

नारळी पौर्णिमा झाली आणि एक दिवस ती आली नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
तिसऱ्या दिवशी आली, लंगडत,
आणि तीन दिवसांचे दीडशे मागितले.
मग पिशवीतून पँट.
डावा गुडघा उडालेला.
शिवण गेली, उरेब तुकडा गेला, माझी बोटभर माया गेली.
करडी विजार नुसती खरवडलेली,
मांजराने नखं घासावीत तशी.
मापाच्या खोलीचा पडदा ओढून
तिने गुडघा दाखवला.
निळा, सुजलेला,
अख्खा.

लग्नात दागिनेसुद्धा मी कुणाचे इतके निरखले नव्हते.

"रफू होयत?" तिने विचारलं.
नाही होणार, म्हटलं, नवीच शिवते.
आणि पिग्मी फुटली की तसलीच एक मागव,
पुरुषाची, कंबर छत्तीस.

पार्सल अजून यायचंय.
रात्री पाव-बेकरीचा हिशेब संपवून तो झोपला
की मी त्याच्या पँटी उसवते,
एकेक करून, टिपेचा आवाज नको म्हणून हातशिलाईने.
विचारायचं नाही ठरवलंय. विचारलं तर तो म्हणणार,
माका काय दशावतारात राक्षस करतलंस?

काल पहाटे चारला,
दिवा लावून, आरशासमोर,
बावन्न वर्षांचा माणूस
गुडघ्याजवळचं चिमूटभर कापड धरून उभा.
"गे, इतकी सैल कित्याक?"

मी दोरा दाताने तोडला.
वाढत्या अंगाची शिवलीय, म्हटलं.