चौथी कॉइल

पायसांदूचा जुलै. नदीवरून येणारं वारं
शेडच्या पत्र्याखालून आत शिरतं.
वॉशिंग्टन बेंतांकूर फोर्डच्या डब्यांना
कान नाही, दात लावतो.

कान लोकरीच्या गिरणीत गेले, चाळीस वर्षांत थोडे थोडे.
आता स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडी डबीवर,
मूठ दाढेखाली, डोळे मिटलेले.
चार सिलिंडर, चार डब्या,
प्रत्येकीच्या माथ्यावर पोलादाची पट्टी
काडेपेटीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखी.
पहिली ठीक.
दुसरी ठीक.
तिसरी घोगरी, पण चालेल.
चौथी पुटपुटते.

नात रोमिना मीटरची सुई वाचते
आणि बोटांनी आकडा दाखवते.
"सव्वा अँपिअर हवा!" तो ओरडतो,
बहिरी माणसं ओरडतात तसा.
"आणि ऐक, तारेतनं वीज वाहते ना,
तेव्हा काही म्हणता काही होत नाही.
लोखंड नुसतं भरत जातं, आतल्या आत.
पट्टी उचलली, वाट तुटली
की त्या तुटण्यात
सहा व्होल्टचे हजारो होतात.
ठिणगी तिथली."
"शाळेत झालंय हे, आजोबा."
तो पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

डबी शेगडीजवळ धरली. डांबर मऊ झालं,
जुन्या बोटीच्या तळाचा वास सुटला.
आत कागद आणि वर्ख, गुंडाळीवर गुंडाळी,
आणि गुंडाळीत
चिमूटभर गाळ, बारीक, तपकिरी.

एकोणसाठचा पूर.
गाडी तेव्हा एलिदामावशीची. ती सुईण.
पाणी स्टिअरिंगला लागल्यावर तिनं पिशवी डोक्यावर घेतली
आणि कुणाच्या तरी होडीत चढली.
बाळ झालं. गाडी नऊ दिवस बुडून राहिली.
ते बाळ कुणाचं,
हे आता घरात कुणालाच आठवत नाही.

वॉशिंग्टन गाळावर फुंकर मारत नाही.
नखानं खरवडून खिडकीच्या चौकटीत ठेवतो,
स्क्रू ठेवतात तसा, परत लागेल म्हणून.
मग चिंचोक्याएवढा नवा पिवळा कपॅसिटर,
दोन टाके कथलाचे, वर ओतलेलं मेण.
डबी जागेवर. पट्टी चिमटीत धरून
केसाएवढी वाकवली.

"आता तार धर, इंजिनापासनं जरा लांब. रबर धर, रबर!"

रोमिना रबर धरते.
निळी, कोरडी, चटचटणारी एक रेघ
हवेतून लोखंडावर उडी घेते.
ती बघतच राहते, आणि बघता बघता
कोपर मागे सरकतं, दुसऱ्या टोकाला टेकतं.

तिची किंकाळी शेजारच्या बेकरीपर्यंत गेली,
असं नंतर बेकरीवालाच म्हणाला.
वॉशिंग्टनला फक्त तिचा हात दिसला,
खांद्यापासून उडालेला,
आणि फुटपाथवर पडलेलं मीटर.

"आहे!" तो टाळी वाजवत म्हणाला,
त्यालाच ऐकू न येणारी टाळी,
"चौथी आहे!"